'रन' ह्या क्रियापदाची धाव

विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांस मोठ्या शब्दांचे भय वाटते, लहान शब्दांचे वाटत नाही. 'एन्सायक्लोपीडिया' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात सुस्कारे ऐकू येतात; 'रन' लिहिला की सर्वांचे हात वर होतात. वस्तुस्थिती मात्र नेमकी उलट आहे. मोठा शब्द बहुधा सरळ स्वभावाचा असतो. त्याची एकदा ओळख झाली की ती जन्मभर पुरते. लहान शब्द हा बारा घरी राबणाऱ्या गड्यासारखा असतो. ज्या घरी जाईल त्या घरचे काम तो करतो, आणि प्रत्येक घरी त्याला निराळ्या नावाने हाक मारतात. अशा एका गड्याची, म्हणजे 'रन' ह्या क्रियापदाची, ओळख करून देण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आमच्या बाळपणीची एक गोष्ट सांगतो. आम्ही दुसऱ्या एका गावी पाचवीत शिकत होतो. त्या काळी इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा प्रघात महाराष्ट्रात २००० साली पडला. एके दिवशी 'माय अंकल रन्स अ फ्लोअर मिल' ह्या वाक्याचे मराठी करावयास सांगितले होते. 'रन' म्हणजे पळणे, हे आम्हांस पाठ होते. आम्ही मोठ्या विश्वासाने लिहिले, 'माझे काका पिठाची गिरणी पळवितात.' गुरुजींनी वही उंच धरून ते वाक्य साऱ्या वर्गास वाचून दाखविले. मग काय विचारता! वर्गात हशा पिकला आणि आमचे नाव 'गिरणीचोर' पडले. चूक आमचीच होती, ह्यात शंका नाही. परंतु त्या दिवसापासून पुरते एक वर्ष आम्ही इंग्रजीच्या तासाला हात वर केला नाही. एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दाने आमचे तोंड बंद केले होते.

यंदा आमच्याच वर्गात तसाच प्रसंग आला. 'द वेल रॅन ड्राय' ह्या वाक्याचे मराठी एका मुलीने 'विहीर कोरडी पळाली' असे केले. मुले हसली. खरे सांगावयाचे तर आमच्याही ओठांवर हसू आले होते. पण तेवढ्यात तो जुना गिरणीचोर आठवला आणि हसू जिरले. त्या मुलीशी आमचे पुढे काय बोलणे झाले ते लेखाच्या शेवटाकडे सांगू. तत्पूर्वी ह्या शब्दाचा पसारा केवढा आहे ते पाहू.

इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा कोश म्हणजे 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'. त्याची कल्पना लंडनमधील विद्वानांच्या एका मंडळात १८५७ साली निघाली, पहिला भाग १८८४ साली छापून निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली. प्रमुख संपादक जेम्स मरे ह्यांस ती पुरी झालेली पाहावयास मिळाली नाही; ते १९१५ सालीच वारले. ह्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तीत सर्वांत लांब नोंद होती ती 'सेट' ह्या क्रियापदाची. त्याच्या सुमारे ४३० अर्थांच्या विवेचनास अंदाजे ६०,००० शब्द लागले होते. पुढे नव्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर तो मान प्रथम 'मेक' ह्या शब्दास, मग 'पुट' ह्या शब्दास मिळाला, आणि २०११ साली 'रन' ह्याने सर्वांस मागे टाकले. पीटर गिलिव्हर ह्या कोशकारांनी ह्या एका क्रियापदावर नऊ महिने खर्च केले आणि त्याचे ६४५ अर्थ वेगळे काढले. जो शब्द आम्ही बालवाचनाच्या पहिल्या पानावर शिकतो, त्याच्यासाठी एका पंडिताचे नऊ महिने खर्ची पडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या आकड्यांस आपल्या भाषेतील एक आकडा ताडून पाहावा. विल्यम केरी ह्यांनी पंडित वैजनाथ ह्यांच्या साह्याने मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला. त्यानंतर कंपनीच्या फौजेतील अधिकारी जेम्स मोल्सवर्थ ह्यांनी जॉर्ज व टॉमस कँडी ह्या बंधूंच्या व शास्त्रीमंडळींच्या साह्याने मराठी–इंग्रजी कोश रचिला. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली व सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ साली निघाली. ह्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. म्हणजे आपल्या भाषेतील जेवढे शब्द मोल्सवर्थ ह्यांनी गोळा केले, जवळजवळ तेवढेच शब्द इंग्रज कोशकारांस 'सेट' ह्या एका क्रियापदाची उकल करण्यास लागले! इंग्रजी–मराठी कोशही मोल्सवर्थ ह्यांनीच हाती घेतला होता. पण प्रकृती ढासळल्यामुळे ते स्वदेशी गेले आणि तो टॉमस कँडी ह्यांनी १८४७ साली पुरा केला. इंग्रजीतील एका शब्दापुढे मराठीतील अनेक शब्द मांडताना ह्या मंडळींस जी अडचण पडली असेल, तीच आज तुम्हांस पाचवीच्या वर्गात पडते. फरक इतकाच की त्यांच्या हाताशी शास्त्री होते आणि त्यांना कोणी गिरणीचोर म्हणत नव्हते.

आता ह्या शब्दाच्या कुळाकडे वळू. 'रन' हा शब्द जुन्या इंग्रजीत होताच, आणि त्याचा सख्खा भाऊबंद 'रिनन' हा शब्द जर्मन भाषेत आजही 'वाहणे' ह्या अर्थी आहे. म्हणजे पायांनी धावणे आणि पाण्याने वाहणे ह्या दोन्ही कल्पना ह्या कुळात फार प्राचीन काळापासून एकत्र नांदत आल्या आहेत. ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या संस्कृतातील 'धाव्' ह्या धातूचाही अर्थ धावणे आणि वाहणे असा दुहेरी आहे. मराठीने त्यातला 'धावणे' हा अर्थ ठेविला आणि पाण्यासाठी 'वाहणे' हा निराळा शब्द घेतला. इंग्रजीने दोहोंसाठी एकच ठेविला. म्हणून 'द बॉय रन्स' म्हणजे मुलगा धावतो, पण 'द रिव्हर रन्स' म्हणजे नदी वाहते. आमच्या तालुक्यातील बेंबळा नदी धावत नाही, पळतही नाही, ती वाहते. सर्दी झाली की इंग्रजाचे नाक 'रन' होते, आपले वाहते किंवा गळते. नवे लुगडे धुतले आणि त्याचा रंग शेजारच्या सदऱ्यास लागला, तर इंग्रज म्हणतो रंग 'रन' झाला; आपण म्हणतो रंग गेला. मूळ चित्र एकच आहे, आणि ते म्हणजे ओघाचे.

ह्या ओघाच्या चित्रातूनच दुसरे एक घराणे निघाले. जी वस्तू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली आहे, ती स्वतः हलत नसली तरी पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून वाहत जाते. म्हणून इंग्रज म्हणतो की रस्ता 'रन' करतो. धामणगावाहून यवतमाळास जाणारा रस्ता आपल्या बाभुळगावावरून जातो. येथे आपण 'जातो' म्हणतो. रस्ता बिचारा आपल्या जागी पडून असतो, तरी त्याला जाणारा म्हणण्यात आपणांस काही वावगे वाटत नाही. जागेप्रमाणेच काळाच्या लांबीलाही हाच शब्द लागतो. करार अकरा महिने 'रन' होतो, म्हणजे त्याची मुदत अकरा महिने असते. नाटक शंभर रात्री 'रन' होते, म्हणजे त्याचे शंभर प्रयोग होतात. एखादा गुण घराण्यात 'रन' होतो, म्हणजे तो पिढ्यानपिढ्या उतरत येतो.

तिसरे घराणे यंत्रांचे. इंग्लंडात वाफेची यंत्रे आली, कारखाने उभे राहिले, लोखंडी रुळांवरून गाड्या जाऊ लागल्या, आणि ह्या सर्व नव्या वस्तूंच्या गतीस कोणता शब्द लावावा हा प्रश्न पडला. इंग्रजांनी जुना 'रन' पुढे केला. घड्याळ 'रन' होते, एंजिन 'रन' होते, पंप डिझेलवर 'रन' होतो. आपल्याकडे पुढे त्याच वस्तू आल्या. आपण मात्र 'धावणे' पुढे न करता 'चालणे' पुढे केले. घड्याळ चालते, गिरणी चालते, मोटार चालते. आगगाडीस मात्र आपण दोन्ही मान दिले. ती चालते आणि धावतेही. यवतमाळ आणि मूर्तिजापूर ह्यांच्यामध्ये रुंदीने लहान अशा रुळांवरून जी गाडी जात असे आणि जिला लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत, ती अलीकडच्या वर्षांत बंद पडली. तिच्याविषयी इंग्रज म्हणेल, 'इट नो लाँगर रन्स'; आपल्याकडील म्हातारी माणसे म्हणतात, 'ती आता चालत नाही.' संगणकाच्या युगातही हाच करार कायम राहिला आहे. इंग्रज संगणकावर प्रोग्राम 'रन' करतो. आपण तो चालवितो. एक भाषा पळते तेथे दुसरी चालते, पण दोघी मुक्कामास एकाच वेळी पोहोचतात.

यंत्रापासून संस्थेकडे जाण्यास एकच पाऊल लागते. जो यंत्र चालू ठेवतो तो यंत्र 'रन' करतो. जो दुकान, शाळा, खानावळ किंवा संसार चालू ठेवतो तोही त्या त्या गोष्टीला 'रन' करतो. येथे मराठीचा शब्द 'चालविणे'. आमचे काका गिरणी पळवीत नव्हते; ते ती चालवीत होते. हे एक अक्षरी सत्य त्या वेळी कोणी सांगितले असते, तर आमचे एक वर्ष वाचले असते.

आणखी एक मौजेचा भेद पाहा. अमेरिकेत मनुष्य निवडणुकीसाठी 'रन' करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडात तोच मनुष्य 'स्टँड' करतो, म्हणजे उभा राहतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीस असो वा लोकसभेस, उमेदवार उभाच राहतो. तेव्हा एकाच कृतीचे चित्र इंग्रजी बोलणारे दोन देशही निरनिराळे काढतात. मग इंग्रजी आणि मराठी ह्या दोन भाषांनी ते निरनिराळे काढले तर त्यात कोणती भाषा चुकली?

खेळाच्या मैदानावर तर हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. क्रिकेटमधील 'रन' ह्यास मराठीत 'धाव' म्हणतात, आणि येथे भाषांतर शब्दशः जुळते, कारण फलंदाज खरोखरच धावतो. पण चेंडू सीमेपार गेला की चार धावा मिळतात आणि त्यासाठी कोणास एक पाऊलही टाकावे लागत नाही. शब्द धावण्याचा, मिळकत उभ्याउभ्या! विदर्भाच्या संघाने २०१७–१८ च्या हंगामात रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा आपल्याकडील मुलांच्या वह्यांच्या मागील पानांवर धावांचे किती हिशेब झाले असतील! ह्या खेळातला 'रन आउट' हा शब्द मराठीत 'धावबाद' झाला. तोही योग्यच आहे. परंतु घरातील साखर 'रन आउट' झाली, असे वाक्य पुढे आले तर सावध राहा. साखर धावबाद होत नाही, ती संपते.

येथे एक महत्त्वाचा नियम हाती लागतो. 'रन' ह्याच्या पुढे जे लहान लहान शब्द येतात, त्यांकडे मुले दुर्लक्ष करतात. पण सारी किल्ली त्यांच्याच कमरेला असते. 'रन आफ्टर' म्हणजे मागे लागणे. 'रन अवे' म्हणजे पळून जाणे. 'रन इंटू' म्हणजे जुना मित्र बाजारात अवचित भेटणे, गाडी झाडावर आदळणे, अथवा अडचणीत सापडणे. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी जाणे, भांडे भरून उतू जाणे, किंवा धड्यावरून घाईने नजर फिरविणे. 'रन डाउन' म्हणजे बॅटरी उतरणे, आणि दुसऱ्याला नावे ठेवणे हेही. 'रन अप अ डेट' म्हणजे हळूहळू कर्ज चढवून ठेवणे. हा अर्थ ज्या घरात पेरणीच्या वेळी उसनवारी होते त्या घरातील मुलास समजावून सांगावा लागत नाही. ह्यांखेरीज नामाच्या आधी जोड मिळून होणारेही प्रकार आहेत. 'रन अ फीव्हर' म्हणजे अंगात ताप असणे, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे. ह्यांपैकी एकातही कोणाचे पाय हलत नाहीत.

'रन-ऑफ' हा शब्द तर शेतकऱ्यांच्या मुलांनी विशेष काळजीने शिकावा. निवडणुकीच्या बातमीत त्याचा अर्थ मतदानाची निर्णायक दुसरी फेरी असा होतो. पावसाच्या संबंधात त्याचा अर्थ जमिनीत न मुरता वरून वाहून जाणारे पाणी असा होतो. आपल्या पाणलोटाच्या पुस्तकांत त्यास 'अपधाव' असे नाव दिले आहे. फवारणीच्या संबंधात त्याच शब्दाने पानावरून थेंब गळू लागण्याची अवस्था दाखवितात. तिन्ही ठिकाणी शब्द एक, पण शेतातील दोन अर्थ एकमेकांत मिसळले तर सूचनेचा अर्थच पालटतो. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेस इंग्रजी भाषा कारण झाली असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु औषधाच्या डब्याबरोबर येणारे पत्रक ज्या घरात नीट वाचले जाते, त्या घरात एक रखवालदार अधिक असतो, आणि पुष्कळ घरांत तो रखवालदार म्हणजे आठवीतला मुलगा किंवा मुलगीच असते. शब्दाचा नेमका अर्थ जाणण्याचे महत्त्व परीक्षेतील गुणांपुरतेच नाही, ते ह्यासाठी सांगितले.

कोणी म्हणेल, इंग्रजी भाषाच अशी अव्यवस्थित. आमची मराठी कशी स्वच्छ! असे म्हणण्यापूर्वी आपल्या 'धाव' ह्या नामाकडेच पाहावे. बैलगाडीच्या चाकावर बसविलेल्या लोखंडी पट्ट्यास धाव म्हणतात. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतरत्या वाटेने जात येत, तिलाही धावच म्हणत. शिवणाच्या सरळ लांब टाक्यास धावदोरा म्हणतात, आणि इंग्रजीतही त्याचे नाव 'रनिंग स्टिच' असेच आहे. विमान ज्यावरून उडते ती धावपट्टी. संकटात कोणी मदतीस आला तर तो धावून आला, मग तो बैलगाडीतून का आलेला असेना! चाकाचा लोखंडी पट्टा आणि विहिरीवरील वाट ह्यांस एकच नाव कसे, हा प्रश्न परकीय मनुष्यास पडेल. आपणांस कधी पडला नाही, कारण चाक आणि विहीर आपण शब्दाच्या आधी पाहिलेली असते.

आता त्या मुलीकडे परत येऊ. वर्ग शांत झाल्यावर आम्ही तिला विचारिले, "बाळ, तुमच्या शेतात विहीर खणली तेव्हा पाणी दिसल्यावर तुझे बाबा घरी येऊन काय म्हणाले?" ती म्हणाली, "सर, बाबा म्हणाले, विहिरीला पाणी लागलं." आम्ही विचारिले, "लागलं म्हणजे काय? ठेच लागते तसं?" ती हसली. मग आम्ही वर्गास सांगितले की 'लागणे' ह्या क्रियापदाचे जेवढे उपयोग आठवतील तेवढे सांगा. पाहता पाहता फळा भरला. भूक लागते, आग लागते, झाडाला फळे लागतात, दृष्ट लागते. नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, दार लागते, डोळा लागतो. शिरा गोड लागतो. बाळ रडू लागते. शाळेत जावे लागते आणि वेळही लागतो. अमका माझा मामा लागतो. यवतमाळच्या वाटेवर गाव लागते. शेवटच्या बाकावरील एका मुलाने तर कळसच केला. तो म्हणाला, "सर, स्टँडवर बस लागते, आणि बसमध्ये बसल्यावर आजीला पण बस लागते!" वर्ग पुन्हा हसला, पण ह्या वेळचे हसणे निराळे होते. त्यात ती मुलगीही होती.

आम्ही मुलांस म्हणालो, "समजा, एखादा इंग्रज मुलगा मराठी शिकावयास बाभुळगावी आला आणि त्याने 'लागणे' म्हणजे 'टच' एवढेच पाठ केले, तर 'आजीला बस लागली' ह्या वाक्याने तो घाबरून दवाखान्याकडे धाव घेईल. तुम्ही त्याला हसाल की सांगाल?" त्यावर "सांगू" असे सर्वांनी उत्तर दिले. मग त्या मुलीने स्वतःच उठून फळ्यावर लिहिले, 'विहीर आटली.' कोणी तिला हा शब्द सांगितला नव्हता. उन्हाळ्यात तो तिच्या घरात दरवर्षी बोलला जातो. विहिरीचे इंग्रजी तिला परके होते. विहीर परकी नव्हती.

ह्यावरून आम्ही वर्गात जी रीत घातली ती येथे देतो. 'रन' अथवा 'गेट', 'टेक', 'सेट' ह्यांसारखे क्रियापद समोर आले की मनाशी तीन प्रश्न करावे. पहिला प्रश्न, ही क्रिया करणारा कोण? मुलगा, पाणी, रस्ता, यंत्र की मालक? मुलगा असेल तर बहुधा धावणे, पाणी असेल तर वाहणे, रस्ता असेल तर जाणे, यंत्र असेल तर चालणे. दुसरा प्रश्न, ह्या क्रियेस कर्म आहे काय? दुकान, शाळा असे कर्म असेल तर चालविणे. तिसरा प्रश्न, मागे कोणता लहान शब्द शेपटीसारखा जोडला आहे? 'आउट', 'ओव्हर', 'इंटू' ह्यांपैकी काही असेल तर दोन्ही मिळून एकच शब्द समजावा आणि त्याचा अर्थ निराळा शोधावा. ह्यानंतर इंग्रजी वाक्य क्षणभर बाजूस ठेवावे, जो प्रसंग घडला तो डोळ्यांपुढे आणावा, आणि आपल्या घरी आई किंवा आजोबा अशा वेळी काय म्हणतात ते आठवावे. जे आठवेल ते उत्तम भाषांतर होय. मराठीतून इंग्रजीत जातानाही हीच वाट उलट दिशेने चालावी.

ह्या रीतीत कोशाचा अनादर नाही. कोश अवश्य पाहावा. आमच्या ग्रंथालयात तो त्यासाठीच आहे. पण कोशातील अर्थांची यादी पाठ करून कोणासही भाषा आलेली नाही. ६४५ अर्थ पाठ करण्यास आयुष्य पुरणार नाही, आणि केले तरी ६४६ वा अर्थ उद्या जन्मास येईल. शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीत असतो. मनुष्याची पारख जशी तो कोणाबरोबर उठतो बसतो त्यावरून होते, तशीच शब्दाचीही. म्हणून नवा शब्द एकटा न लिहिता एका पुऱ्या वाक्यासह वहीत लिहावा, आणि ते वाक्य आपल्या गावचे असावे: आपला रस्ता, आपली विहीर, आपली गिरणी. असा शब्द विसरत नाही.

पालकांस एक विनंती आहे. आपणांपैकी पुष्कळांस इंग्रजी येत नाही आणि त्यामुळे मुलांच्या अभ्यासात आपण काही साह्य करू शकत नाही, असे आपण मानता. वरील हकीकत वाचून आपली ती समजूत दूर व्हावी अशी आमची इच्छा आहे. मुलाला इंग्रजी वाक्य तुम्हांस समजावून सांगू द्या, आणि त्या प्रसंगी आपण घरात काय म्हणतो तेवढेच त्याला सांगा. 'आटली', 'उतू गेले', 'रंग गेला', 'मोकाट सुटला' हे शब्द आपल्या घरात आहेत, आणि भाषांतराचे अर्धे काम तेच करतात. मुलांशी मोकळेपणाने घरची मराठी बोलणे हे त्यांच्या इंग्रजीच्या आड येत नाही. उलट ज्याची स्वभाषा भरलेली आहे त्यालाच परभाषेतील शब्द ठेवावयास जागा सापडते. आणि मूल चुकले तर हसा, पण त्याच्याबरोबर हसा. त्याला हसू नका.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे म्हण आहे, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. एका शब्दाचा एकच अर्थ घेऊन बसणाऱ्याची धाव तशीच कुंपणापर्यंत असते. कुंपणापलीकडे जाताना ठेच लागेल, चूक होईल, एखादे वेळी कोणी हसेलही. तरी हात वर करावा. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी पहिल्याच प्रश्नाला हात वर केला. आम्हांस जे करावयास एक वर्ष लागले, ते तिने एका रात्रीत केले.